निखाऱ्यांमागची बाई

लीड्सच्या त्या जपानी हॉटेलात नातीने मला काउंटरपाशीच बसवलं. समोर निखारे आणि त्यांच्यामागे माझ्याच वयाची एक जपानी बाई. बांबूच्या काड्यांना टोचलेले चिकनचे तुकडे ती उघड्या बोटांनी फिरवत होती. दुसऱ्या हातातल्या पंख्याच्या तालावर निखारे फुलत आणि मंदावत. जवळ चिमटा नाही, घड्याळ नाही. ती कान देऊन चरचर ऐकायची आणि नेमकी एकच काडी उचलायची. मी मेनू हातात तसाच धरून बघत राहिले.

माझी काडी आली. मी सवयीने काट्याने तुकडे सोडवून वाटण्या करायला घेतल्या. तरुणपणी मी फारच थोर होते. घरभर गरम वाढायची, स्वतः गार खायची आणि वर चेहऱ्यावर हुतात्म्याचं तेज.

बाईचा पंखा थांबला. “कोणासाठी गार करताय?” तिने इंग्रजीत हळूच विचारलं.

ज्यांच्यासाठी वाटण्या करायची त्यातले एक देवाघरी गेले, बाकीचे दूर ब्रॅकनेलला असतात.

तिने ते तुकडे नातीपुढे सरकवले, दुसरी काडी भाजली आणि थेट माझ्या हातात दिली. मी घास घेईपर्यंत हलेचना. ओठ पोळले, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे गरम चिकनची चव अशी असते! मान डोलावून ती निखाऱ्यांकडे वळली.

“आजी, माझं गार झालंय. तुझ्यातला एक बाइट?”

“तुझी तू मागव,” मी म्हटलं.