भाकरीचा चेंडू

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई गोठ्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, डॉक्टरांनी रोज घरातल्या घरात चालायला सांगितलं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनीच, तिथं मान डोलावली आणि घरी येऊन दिवाणावर जी बैठक मारली ती हलायचं नाव नाही. "कुठं जायचंय मला?" एवढंच त्यांचं उत्तर. जन्मभर रोज शेतात चालत गेलेल्या बाईला हॉल ते स्वयंपाकघर हे चालणं वाटतच नव्हतं.

त्यांच्या मागंमागं रोज शेतात जाणारा कुत्राही मग घरीच राहिला. कुरुंद्यातलं आमचं घर भर वस्तीत. मी सकाळी शाळेवर शिकवायला जाते, नवरा शेतात. दिवसभर घरात ही दोघंच. आई गप्प बसायच्या आणि कुत्रा घर फाडायचा. चपला, पायपुसणी, शेजारच्यांच्या दोरीवरचा टॉवेल, माझ्या तपासून ठेवलेल्या वह्यासुद्धा. शेजारी रोज दारात. शेवटी नवरा म्हणाला, "शेतातली हळद निघाली की मामाच्या गावी, सिद्धेश्वरला सोडून येतो याला. तिथं मोकळं रान हाय."

आई भिंतीकडं तोंड करून झोपल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. कुत्रा गेला तर ही बाई पुन्हा उठायची नाही, असं मला अगदी आतून वाटलं. मी घाबरले. आणि घाबरले की मी हट्टाला पेटते.

मोबाइलवर वाचून वाचून कळलं की खाऊ भरून द्यायची खेळणी मिळतात. कुत्र्यानं लोळवली, चावली की खाऊ थोडाथोडा बाहेर पडतो आणि त्याचा वेळ जातो. मी निवडायला बसले ती मुलांच्या शाळेचा गणवेश घ्यावा तशी. तोंडात मावून घशात अडकेल इतकं लहान नको. फार कडक नको, अंगठ्याच्या नखानं दाबलं तर थोडं दबलं पाहिजे. धुता आलं पाहिजे. आधी जाड रबराची पोकळ बाहुली आली. मग झाकणं सरकवून खाऊ शोधायचा पाट. मग भोकांचा चेंडू. प्रत्येकात मी ताज्या भाकरीचे तुकडे कोंबून शाळेत जायची आणि संध्याकाळी येऊन बघायची तर तुकडे जिथल्या तिथं, आणि माझी उशी फाटलेली.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर आई दिवाणावर बसून दूधभाकरी कालवून कुत्र्याला हातानं भरवत होत्या. चेंडू खाली पडलेला. माझं डोकंच फिरलं.

"आई! तुम्ही रोज असं पोटभर भरवता, मग तो त्या चेंडूकडं बघंल कशाला?"

"काहून वरडून राहिलीस?" त्या तितक्याच तोऱ्यात म्हणाल्या. "तव्यावरची शेवटची भाकर कुत्र्याची असती. त्याच्या हक्काची हाय ती. इतकी वर्सं राखण केली त्यानं, आन् आता एका घासासाठी लोळवत बसावं का? पाप लागंल आपल्याला."

"त्याला भाकरीची भूक नाहीये, आई. कामाची भूक आहे. तुमच्यासारखीच!"

बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. आईंनी पदरानं डोळे पुसले. मी आत जाऊन उगाच भांडी आपटत राहिले. असं बोलायला नको होतं. पण खोटंही बोलले नव्हते.

संध्याकाळी त्यांनी हाक मारली. चेंडू त्यांच्या मांडीवर होता आणि त्या तो हळूहळू फिरवून भोकं बघत होत्या.

"हे तं आपल्या हळदीच्या ढोलावाणी हाय की."

हळद पॉलिश करायचा ढोल म्हणजे भोकं पाडलेलं मोठं पत्र्याचं पिंप. तो गरगर फिरवला की हळकुंडं एकमेकांवर घासतात आणि साल-माती भोकांतून गळते.

"आन् तू काय भरलंस यात? ओली भाकर! ओल्या हळदीला कधी पॉलिश होतंय का? लगदा होऊन बसंल, न्हाई तं काय?" त्या हसल्या. कित्येक दिवसांनी हसल्या.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या हक्काच्या भाकरीचे त्यांनी बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि ताटात घालून दिवाणाजवळच्या खिडकीत उन्हात वाळत घातले. हळद वाळवतात तसे, दोनदा खालीवर करून. चांगले खडखडीत झाल्यावर चेंडूत भरले. कुत्र्यानं चेंडूला नाक लावलं, तुकडा टपकन पडला. त्यानं आमच्याकडं बघितलं, आणि मग जो सुरू झाला तो थांबेचना. घरभर खडखड. थोड्या वेळानं चेंडू दिवाणाखाली गेला. कुत्रा आईंच्या तोंडाकडं बघून कुईकुई करायला लागला. मी उठणार तोच त्यांनी मला हातानं थांबवलं, वॉकर ओढला, उभ्या राहिल्या आणि वॉकरच्या पायानं चेंडू बाहेर काढला.

मग रोज तेच. चेंडू कधी कपाटाखाली, कधी मोरीत, कधी पायरीवरून अंगणात. शेजारच्यांचा टॉवेल दोरीवरच राहू लागला. दिवाळीपर्यंत वॉकर सुटून काठी आली.

हळद निघाली. नवरा मात्र शब्दाचा पक्का. एका सकाळी त्यानं मामाला फोन लावला, तर आई काठी टेकत त्याच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"मामाकडं न्यायचं काम न्हाई. ढोल फिरायला लागलाय, शेतात माणूस पाहिजे. मी येते, ह्याला बी घेते."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बघता काय? गाडी काढा."

त्या फाटकाकडं निघाल्या, सावकाश, दर चार पावलांना थांबत. कुत्रा त्यांच्या पुढं पळायचा, वळून बघायचा, पुन्हा मागं यायचा. इतकं वाचून, नखानं दाबून निवडलेला माझा चेंडू अंगणात अर्धा भरलेला तसाच पडला होता. दोघांपैकी कुणीही त्याच्याकडं वळून बघितलं नाही, आणि मला इतका आनंद झाला की शाळेला उशीर झाला.