मुलीचा बायोडाटा

जबलपुरात मराठी घरं मोजकी. त्यामुळे लग्नाचा बायोडाटा आम्ही नागपूर, अमरावती, रायपूर, जिथे म्हणून समाजाचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तिथे सोडतो. मीही सोडला. मुलीचा साडीतला फोटो, जन्मवेळ, उंची, मोबाइल नंबर, नेपियर टाउनमधल्या ज्या कोचिंग क्लासात ती शिकवायची त्याचं नाव. वर ‘कृपया पुढे पाठवा’ असंही लिहिलं. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस मी!

दीड महिन्याने क्लासातल्या एका मुलीने तिला एक घाणेरडं पेज दाखवलं. फोटो हाच, खाली नंबरही हाच. तोवर नको त्या माणसांचे फोन सुरू झाले होते, आणि ते का येतात हे आम्हाला कळत नव्हतं.

ते पेज ज्या साइटवर होतं तिच्या कंपनीकडे मी तक्रार केली. दोन मिनिटांत उत्तर आलं की आम्ही तपासलं, हे पेज आमच्या नियमांविरुद्ध नाही. कोणी तपासलं? माणसाने की यंत्राने? माझं डोकंच फिरलं. माणसाची प्रतिष्ठा कंपनीच्या नियमांवर ठरते की काय? मी पुन्हा लिहायला बसलो. मानवाधिकार, खाजगीपणाचा हक्क, बाजू ऐकून घेण्याचा हक्क, वर्गात शिकवायचो ते सगळं लिहिलं. पाठवायला गेलो तर रकान्यात मावेना. अर्धं खोडलं, तरी उत्तर तेच आलं.

पोलीस ठाण्यातला हवालदार बिचारा सभ्य होता. “अंकलजी, आवेदन छोड़ जाइए. सर्वर बाहर का है, टाइम लगेगा.”

मध्यंतरी एकदा ते पेज खरंच गेलं. मी आनंदाने बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खव्याची जिलेबी आणली. आठवडा उलटायच्या आत तोच फोटो आणखी तीन पेजांवर होता. मुलीने नंबर बदलला, मग क्लास सोडला. आता भाजी आणायलाही जात नाही.

परवा मी पुन्हा तावातावाने सांगत होतो, “अगं, तुझ्या परवानगीशिवाय तुझा फोटो वापरायचा हक्कच नाही कोणाला! आपण कोर्टात जाऊ.”

ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “बाबा, ग्रुपमधे टाकताना तुम्ही मला काहून नाही विचारलं?”

तिला विचारायचं असतं, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.