लाल शाईची ओळ

रेप्रिमांड म्हणजे कानउघाडणी. शब्दकोशात एवढंच सापडेल. लखनऊ छावणीतल्या आमच्या युनिटात हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता. चहात साखर जास्त पडली तरी लंगरमधल्या स्वयंपाक्याला कोणीतरी म्हणायचं, "आज तो रेप्रिमांड मिलेगा, भैया." पण 'सिव्हिअर' पुढे लागलं की कोणी हसत नसे. ती शिक्षा नोकरीच्या कागदांत लाल शाईने लिहिली जायची, आणि बढतीच्या वेळी साहेब आधी ती ओळ बघायचे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी ऑफिसात क्लार्क होतो. संध्याकाळी गोपनीय कागदांचं कपाट मी बंद करायचं, आणि ड्यूटीवरच्या हवालदाराने कुलूप ओढून पाहून रजिस्टरात सही करायची, असा नियम. त्या दिवशी ड्यूटीवर साताऱ्याकडचे हवालदार होते, माझ्याच मुलखातले. मला बायकोला घेऊन हजरतगंजला स्वेटर घ्यायला जायचं होतं. "लावलंय कुलूप, दादा. सही करून टाका," मी म्हणालो. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर त्यांनी केली नसती. माझ्या शब्दावर केली.

सकाळी कपाट उघडं सापडलं. मला विचारल्यावर मी सांगितलं, कुलूप लावलं होतं. पेशीला, म्हणजे सुनावणीला, टोपी-पट्टा काढून दादा साहेबांपुढे उभे राहिले. मी काय म्हणालो होतो, ते त्यांनी सांगितलंच नाही. न बघता सही केली, चूक माझी, एवढंच बोलले. मला वाटतं, पुढचं मी सांगेन म्हणून ते थांबले होते. मी दारापाशी कागद धरून उभा होतो. सिव्हिअर रेप्रिमांडची ती लाल ओळ मीच लिहिली, वळणदार अक्षरात.

रविवारी त्यांच्या क्वार्टरवर वहिनींनी विचारलं, "भावजी, ह्यांना काय मिळालं म्हणतात ते? हे काही बोलत नाहीत."

"साहेब रागावले, वहिनी. बाकी काही नाही."

"एवढंच होय? ते तर मी रोज देते ह्यांना."

दादा खाली मान घालून मटार सोलत राहिले.

नायब सुभेदाराच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. हवालदार म्हणूनच ते पेन्शनवर गेले. सामान बांधताना वहिनींनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांगा भावजी. नुसतेच रागावले होते ना?"

यादी लागण्याआधी मी तोंड उघडलं असतं, तर ती ओळ कदाचित रद्द झाली असती. त्या दिवशीही मी हो म्हणालो.

वहिनी, कुलूप मी नुसतं अडकवलं होतं, दाबून बंद केलं नव्हतं. हजरतगंजला जाताना रिक्षातच ते मला आठवलं होतं, आणि मी रिक्षा वळवली नाही.