तलवाड्याच्या छावणीत पट्टी खाल्लेली म्हैस

सोलापूर सोडलं तेव्हा पुढच्या सीटवर दोन शास्त्रज्ञ होत्या आणि मागच्या सीटवर मी, मांडीवर बर्फाचा डबा घेऊन. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. पुढे डावीकडे बसलेली वसुधा माझी बायको. गाडी चालवणारी नसरीन तिची सहकारी. दुष्काळात खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष साठतं. जनावरानं ती खाल्ली की बघता बघता आडवं होतं. हे विष ओळखणारा जैवसंवेदक या दोघींनी बनवला होता: बोटभर कागदी पट्टी आणि आकडा दाखवणारं मुठीएवढं यंत्र. पट्टीवरचं विकर (सजीवांतलं एक प्रथिन) वसुधाचं, यंत्र नसरीनचं. विकराला ऊन सोसत नाही, म्हणून बर्फ. तो माझा.

चौसाळ्याला चहा आणि गरम भजी. हॉटेलवाल्यानं डब्याकडे बोट केलं.

"कुल्फी का?"

"नाही, ज्वारी तपासायच्या पट्ट्या."

त्यानं दोघींकडे पाहिलं. "मग ह्यान्ला कावून (कशाला) आणलं?"

"त्यांनीच मला आणलंय," मी म्हणालो. त्याला हा विनोद इतका आवडला की आणखी एक प्लेट भजी फुकट आली.

बीड मागे पडलं तशी रानं उघडीबोडकी होत गेली. रस्त्यावर गाड्या कमी, टँकर जास्त. तलवाड्याच्या शिवारात दूध सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. फाटकात हिरव्यागार ज्वारीची ट्रॉली नुकतीच येऊन थांबलेली, आणि दाव्याला ताण देऊन हंबरणारी जनावरं. सोसायटीचे चेअरमन हार घेऊन थेट माझ्याकडे आले.

"या डॉक्टरसाहेब!"

हात जोडायला मी डबा खाली ठेवला. हार चष्म्यात अडकला. तो सोडवेपर्यंत एका म्हशीचं तोंड डब्यात गेलं होतं.

"अगं बया! म्हशीनं सायबाचा बर्फ खाल्ला!" तिची मालकीण शारदा ओरडली.

नुसता बर्फ नव्हे, पट्ट्यांचं एक पाकीटही. दुसरं नसरीननं अक्षरशः जबड्यातून ओढून काढलं.

"ताई, हिला काय होईल का ओ?" शारदानं विचारलं.

"हिला काही होत नाही. आम्हालाच होईल," वसुधा म्हणाली आणि ऊन वाढायच्या आत कामाला लागली.

तिनं ट्रॉलीतली पानं ठेचून पाण्यात कालवली, पट्टी बुडवली. आकडा सरसर चढला.

"हा चारा आज घालू नका. उन्हात पसरा, कडब्यासारखा वाळू द्या. वाळला की परत तपासू. तोवर दुसरं काही द्या."

चेअरमन माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी सांगा."

"मी भूगोल शिकवायचो."

"मग तर रानाचं तुमालाच कळणार की!" त्यांनी परत यंत्राकडे संशयानं पाहिलं. "हिरवं दिसलं की चढत असंल आकडा."

नसरीननं छावणीतलेच वाढे (उसाचे हिरवे शेंडे) तपासले. आकडा हलला नाही. परत ज्वारी, परत चढला. पण ट्रॉली चेअरमनच्या मेव्हण्याची होती आणि जनावरं भुकेली होती. "दोन घासानं काय होतंय!" म्हणत त्यांनी ट्रॉलीची फळी उघडायला लावली. वसुधा आडवी उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला मी असं पाहिलं नव्हतं.

मागून आवाज आला, "माझी म्हैस न्हाई खाणार." शारदानं दावं सोडून म्हैस मागे ओढली. "खोटं बोलायचं असतं तर बाई सोलापुरातच बोलली असती. एवढ्या उन्हात कावून येईल?"

एकेक करत बाकीच्या बायकांनीही दावी ओढली. फळी तशीच उघडी राहिली आणि खायला कुणी नव्हतं. थोड्या वेळानं चेअरमन स्वतःच म्हणाले, "पसरा बे ते. आन् वाढे काढा."

दुपारी शारदाच्या खोपटापुढे बाजरीची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. हात धुताना तिनं खाली घमेलं धरलं. आमच्या हातांवरचं पाणी घमेल्यात, आणि तिथून म्हशीच्या पोटात.

परतताना दोघी वाद घालत होत्या: बर्फाशिवाय टिकणारी पट्टी कशी करायची? माझी नोकरी धोक्यात होती.

दोन दिवसांनी चेअरमनचा फोन आला. वाळलेल्या चाऱ्याचा नमुना पाठवत होते. "बाकी काय न्हाई ताई. समदी जनावरं उभी हायत."

संध्याकाळी कट्ट्यावर मित्रांनी विचारलं, "बीडला काय झालं?"

"काहीच झालं नाही," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघतच राहिले, कारण हे सांगताना माझी छाती फुगली होती.