कमलकाकींची हाडं

विक्रोळीच्या चाळीत कमलकाकींसमोर फुगडीत टिकेल अशी बाई अजून जन्माला यायची होती. लग्न होऊन मालवणकडून आल्या, तिसऱ्या मजल्यावर पाण्याचे हंडे चढवले, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर घरोघरी पोळ्या लाटल्या. पण श्रावण आला की मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पुढे त्याच. सत्तरीला टेकल्या तरी बसफुगडीत तरण्या पोरींना घाम फोडायच्या. "माझी हाडां लोखंडाची आसत," असं येईल-जाईल त्याला ऐकवायच्या.

यंदा बोरीवलीच्या स्पर्धेआधी त्यांची कंबर धरली आणि सून मानसी हट्टाला पेटली. हाडांची तपासणी झाल्याशिवाय फुगडी नाही! डॉक्टरांनीही तिचीच री ओढली. काकींना ही परीक्षाच वाटली, आणि नापास व्हायला त्या तयार नव्हत्या. तपासणीसाठी घाटकोपरला निघताना त्यांनी मानसीच्या कॅल्शियमच्या चार गोळ्या गुपचूप गिळल्या.

हाडांतलं कॅल्शियम मोजायच्या मशीनवर त्या अगदी ऐटीत आडव्या झाल्या. यंत्राचा हात अंगावरून सरकत गेला. मशीन चालवणारी प्रियंका पडद्याकडे बघून थबकली. मणक्यांवर पांढरे ठिपके दिसत होते.

"आजी, सकाळी कॅल्शियमची गोळी घेतलीत का?"

"चार घेतलंय. रिपोर्ट बरो येवचो म्हणान."

"अहो, मग मशीन तुमच्या पोटातल्या गोळ्याच मोजतंय! परवा या परत. गोळी न खाता."

मानसीला हसू आवरेना. काकी मात्र घरी येईपर्यंत फुगून बसल्या.

तिसऱ्या दिवशी परत तपासल्यावर खरं ते कळलं. मणके ठिसूळ झाले होते. औषधं सुरू झाली, फुगडी कायमची बंद झाली. काकींना फार लागलं ते. संध्याकाळी त्यांनी ओट्यापाशी मानसीला गाठलं.

"त्या मशीनवर माका तू निजवलंस ना? आता माझ्या जागेवर तूच उभी रव."

"आई, मला गरगरतं हो!"

"गरगरूंदे."

महिनाभर त्यांनी सुनेला पिदडलं. स्वतः खुर्चीवर बसून गाणी म्हणत, ती चुकली की ओरडत. मानसीचे गुडघे सुजले, पण तिने माघार घेतली नाही.

स्पर्धेच्या दिवशी काकी पहिल्या रांगेत होत्या. मानसी गरगर फिरत होती आणि हॉल टाळ्यांनी दणाणत होता. काकींचा ऊर अभिमानाने भरून आला. मागच्या खुर्चीवरची बाई पुढे वाकून म्हणाली, "ती निळ्या साडीतली कोणाची हो? काय झकास खेळतेय!"

काकी पाठ ताठ करून मागे वळल्या.

"माझी सून. मीच शिकवलीय."