व्याह्यांची पिशवी

रविवारी सकाळी राखीव राईच्या फाटकाशी स्टूल टाकून डबलबेल बसले, की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्यापुढे पिशवी उघडावी लागे. अख्खी नोकरी त्यांनी बसमध्ये घंटीची दोरी ओढण्यात घालवली. लोक खरं नाव विसरले, घंटी तेवढी लक्षात राहिली. गावकऱ्यांनी राई सांभाळायला घेतली, तण उपटणारे, तळं साफ करणारे हौशी जमले, तेव्हा फाटकावर कोण बसणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही. समोरच्याच्या चालण्यावरून त्याच्या खिशातलं ओळखणारा असा दुसरा माणूस आणायचा कुठून?

राईचा नियम सोपा होता. आतलं काही बाहेर न्यायचं नाही, पडलेलं लाकूडसुद्धा नाही. ते तिथंच कुजायचं. त्यात किडे राहणार, किड्यांवर पाखरं जगणार.

या नियमालाच आता वाळवी लागली होती. तळ्यापलीकडे वादळात एक भलीमोठी फांदी पडली होती, ती दर आठवड्याला आखूड होत होती. डबलबेलांनी कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. कुठे चरा नाही, ठेचलेलं नाही. करवत धारदार आणि हात सराईत. असा हात राईत येणाऱ्यांत एकाचाच होता. सुताराचा.

आणि सुतार म्हणजे डबलबेलांचे व्याही. लेकीच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

व्याही राईत यायला लागले त्या पहिल्याच रविवारी डबलबेलांनी त्यांच्या पिशवीपुढे हात केला होता. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, चारचौघांत माझ्या सासऱ्यांची झडती? मला या घरात राहायचंय! पुन्हा असं केलंत तर मी माहेरची पायरी चढणार नाही."

तेव्हापासून व्याही बाहेर पडताना दिसले, की डबलबेल आभाळ न्याहाळत. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं टिपत. बाहीवर भुसा. गोणपाटाची जाडजूड पिशवी छातीशी धरलेली. तळ्यापलीकडे जाताना मागे वळून बघणं. फुकट्या प्रवाशाची मान अशीच वळते, हे त्यांना पाठ होतं.

"काय व्याहीबुवा, रमलात आज फार?"

"लाकूडफाट्यात जीव रमतो हो आमचा," सुतार हसून म्हणाले आणि झपाझप निघून गेले.

*म्हणे जीव रमतो,* डबलबेल मनात म्हणाले. *जीव नव्हे, करवत.*

त्याच दिवशी तण उपटणाऱ्या मावशींनी सगळ्यांसमोर टोला हाणला. "आमच्या पिशवीत वाळकं पान निघालं तरी परत ठेवायला लावता. व्याह्यांना पास दिलाय वाटतं?"

सगळे हसले. डबलबेल हसले नाहीत. आजवर त्यांनी साहेबाच्या मेहुण्यालासुद्धा तिकिटाशिवाय बसू दिलं नव्हतं. आता इमान राखावं तर लेक तुटते आणि लेक राखावी तर या स्टुलावर बसायला तोंड उरत नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मावशींना फाटकावर बसवलं आणि दबक्या पावलांनी व्याह्यांच्या मागे निघाले.

तळ्यापलीकडे सुतार एका झाडाखाली थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग पिशवीत हात घातला. डबलबेल बुंध्याआडून उसळून पुढे आले.

"सापडलात!"

"हळू बोला! बाळंतिणी आहेत इथं," सुतारांनी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांच्या हातात करवत नव्हती. लाकडाची सुबक पेटी होती, पुढे गोल भोक असलेली. तशीच एक पेटी झाडावर आधीपासून बांधलेली होती. लाकूड त्या फांदीचंच.

"घरटी आहेत ही. राईचं लाकूड राईतच परत आणलं. तुम्हाला विचारलं असतं तर नियम दाखवला असतात."

"दाखवलाच असता!"

"मग वाद झाला असता आणि पोरगी मधे सापडली असती. हे बघा, आतून हात फिरवा. काचेसारखी घासलीय. पिल्लाला लाकडाची कूस टोचायला नको."

डबलबेलांनी हात फिरवला. खरंच काच. मग ते झाडावरच्या पेटीजवळ गेले. पाखरू समोरच्या फांदीवर बसून हाका मारत होतं आणि आतून नखांची खरखर ऐकू येत होती. वर येई, घसरे. पुन्हा वर येई, घसरे.

"व्याही, यांना धरायला काय आहे?"

"म्हणजे?"

"गाडीच्या दाराला दांडा नसेल तर म्हातारं माणूस चढेल कसं? पिल्लं मोठी झालीत. आई बोलावतेय, पण भिंतच धरवत नाही त्यांना."

सुतारांचा चेहरा पडला. आयुष्यभर ज्या हातांनी लाकूड गुळगुळीत केलं, त्या हातांकडे ते बघत राहिले. मग त्यांनी झटकन कात्री काढली, पिशवीच कापली आणि झाडावरच्या पेटीचं झाकण उघडून गोणपाटाची पट्टी आत सोडून अंगठ्याने टाचण्या दाबून बसवली. हातोडीचा आवाज नको म्हणून. झाकण लावून दोघं दूर जाऊन बसले.

बराच वेळ काहीच नाही. मग भोकातून एक चोच आली, एक घाबरं डोकं आलं. पिल्लू काठावर डुगडुगलं.

"टण टण," डबलबेल पुटपुटले. पिल्लू उडालं.

फाटकावर मावशी स्टुलावर ऐसपैस बसल्या होत्या. "व्याहीबुवा, पिशवी कुठाय?"

"लाकूड मीच नेत होतो, मावशी," सुतारांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि घरट्यांची हकीकतही सांगितली. "आता जी शिक्षा असेल ती द्या."

"खिसे," डबलबेल म्हणाले.

सुतारांनी हसत खिसे उलटे केले. भुसा भुरभुरला.

"राईचा आहे ना? आत जाऊन झटका."

संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन लावला. "सासऱ्यांची झडती घेतली आज. चारचौघांत."

"कळलं," लेक म्हणाली. "आल्यापासून हसतायत ते. दुसऱ्यांदा सांगतायत सगळ्यांना. रविवारी मीही येतेय पिल्लं बघायला. पण माझ्या पर्सला हात लावायचा नाही हं, बाबा."

"जाताना दाखवून जायचं," डबलबेल म्हणाले.