फाल्कनेटची चिठ्ठी

नाना त्रिलोकेकर बूट काढले की त्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवत. लिहिण्याआधी पेन्सिल जिभेला लावत. बोलताना शब्द अडला आणि कुणी पुरवू लागलं, तर हात वर करून थांबवत. न पाहिलेल्या वस्तूचा अर्थ ते कधीच लिहीत नसत.

हे शेवटचं फार अवघड होतं. नाना इंग्रजी-मराठी कोशासाठी चिठ्ठ्या लिहीत. एका शब्दाला एक चिठ्ठी. ठाकूरद्वारच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या खोलीत.

जानेवारी छप्पनमध्ये एक चिठ्ठी अडली. फाल्कनेट. अर्थ दोन: जुनी लहान तोफ आणि अतिशय लहान ससाणा. तोफ नाना फोर्टमध्ये जाऊन पाहून आले, हात लावून आले. ससाणा मुंबईत नव्हता. त्या एका चिठ्ठीसाठी छपाई थांबली होती.

"नाना, इंग्रजी कोशातनं उतरवा ना."

"उतरवूनच बी.ए. झालास वाटतं?"

मग मुंबई महाराष्ट्रापासून तोडल्याची बातमी आली. गोळीबार, संचारबंदी. गॅलरीत उभं राहायचं नाही, अशी ताकीद होती. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या चिमण्या गप्प झाल्या.

दुपारी नानांनी भिंतीवर टकटक केलं. "आला रे! कठड्यावर. कपाळ पांढरं, पोट तांबूस."

मी गेलो. कठडा रिकामा होता. वर चिमणीची पिसं होती. बुडाशी ओली.

"पाय पिसांत झाकले होते," नाना म्हणाले. "पाय बघायचे राहिले."

त्यांची बहीण मृणालिनीताई ओरडल्या, "आत हो, नाना! गोळी काय तुझी चिठ्ठी वाचून येणार आहे?"

"एकदाच बघतो गं."

तिसऱ्या दुपारी ते पुन्हा गॅलरीत गेले. मी दारात होतो. खाली रस्त्यावर कसलाच आवाज नव्हता. रिकाम्या कठड्याकडे पाहत नाना हळूच म्हणाले, "हलू नकोस." मला की त्याला, कळलं नाही. मग ते वाकले. खालून गोळी आली. कुणाची, ते कुणी सांगितलं नाही.

नंतर मी पक्ष्यांचं पुस्तक शोधून काढलं. कपाळ पांढरं, पोट तांबूस. राहतो हिमालयाच्या पायथ्याशी. नानांनी हे पुस्तक पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याकडच्या कोशात एवढंच होतं: अतिशय लहान ससाणा.

कोशाच्या कचेरीचा माणूस चिठ्ठीसाठी दोनदा येऊन गेला. मृणालिनीताईंनी चिठ्ठी दिली नाही. तोफेचा अर्थ पूर्ण आहे. त्याखाली लिहिलंय, "२. चिमणीएवढा ससाणा. कपाळ पांढरे. पोट तांबूस. पाय"

पुढे काही नाही.